भाषा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ३० हजार मिळालेत, ते शाल-श्रीफळात जाऊ नयेत म्हणून विचारतेय

तासिका_पाचवी

नमस्कार मंडळी. मी संगमनेर तालुक्यात एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवते, आठवी ते दहावी. यंदा संस्थेनं पहिल्यांदाच भाषा विषयांच्या शिक्षकांसाठी म्हणून वेगळे पैसे ठेवलेत, ३० हजार, आणि मार्चच्या आत खर्च दाखवायचाय. आम्ही पाच जण आहोत, दोघं इंग्रजीचे, दोघं मराठीचे आणि एक मॅडम हिंदी-संस्कृत दोन्ही बघतात.

मुख्याध्यापकांच्या डोक्यात आहे की पुण्याहून कुणीतरी नावाजलेला वक्ता बोलवायचा, हॉल, फ्लेक्स, जेवण, शाल-श्रीफळ, अध्यक्ष म्हणून गटशिक्षणाधिकारी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सर माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांना खरंच वाटतं की याने आम्हाला ऊर्जा मिळेल. मला ऊर्जा नकोय हो, मला माझ्या दहावीच्या पोरांचं काय करायचं ते हवंय. 'डू ॲज डायरेक्टेड' फटाफट सोडवतात, व्हॉइस बदलतात, डिग्री बदलतात, पण लेटर रायटिंग आलं की गाइडमधलं पाठ केलेलं पत्र उतरवतात, प्रश्नात विषय वेगळा असला तरी तेच पत्र, कधी कधी खालचं नावसुद्धा गाइडमधल्याच मुलाचं. अनसीन पॅसेजचं पण तेच, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलून ठेवायचं, उत्तर बरोबर आलं तरी त्याला विचारा काय वाचलंस, सांगता येत नाही.

तर विचारायचं असं की एवढ्या पैशात सेल्टा (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) वगैरे होतं का, का ऑनलाइन कोर्स बरा, का आम्ही पाच जण शाळेतच काही करू शकतो? शाळेतच करायचं तर नेमकं काय, कारण 'चर्चा करा' म्हटलं की आमच्याकडे पगारबिलावर चर्चा होते.

निवृत्त_अधिव्याख्याता

ताई, वक्ता बोलवायचा तर बोलवा, पण संस्थेच्या सांस्कृतिक खर्चातून, या पैशातून नको.

मी बरीच वर्षं डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होतो. एकदिवसीय कार्यशाळा वाईट नसतात, लोक खूश होऊन जातात, फीडबॅक फॉर्ममध्ये सगळे 'अतिउत्तम' लिहितात. पण वर्गात काही उतरत नाही आणि त्याचं कारण शिक्षक आळशी आहेत हे नाही. अमेरिकेत ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघा शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या सुमारास हेच मांडलं होतं. थिअरी सांगितली, प्रात्यक्षिक दाखवलं, तिथल्या तिथे सराव करून घेतला, तर शिक्षकाला पद्धत कळते आणि आवडते सुद्धा, पण रोजच्या तासात ती दिसायला लागते ती नंतरचे काही आठवडे कुणी सहकारी त्याच्यासोबत राहिला, तास बघितला, परत बोलला, तर. आपल्याकडे नेमका हाच शेवटचा भाग गळतो. शिवाय आपली उतरंड ठरलेली, राज्यस्तरावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तिथून केंद्र, वर उकळलेला चहा केंद्रावर पोचेपर्यंत नुसतं गरम पाणी उरतं.

याला एक चांगला अपवाद माझ्या पाहण्यात होता तो तेजस या प्रशिक्षण कार्यक्रमाचा. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट मिळून प्राथमिकच्या इंग्रजी शिक्षकांसाठी तो चालवायचे. त्यात शिक्षकांचे गट होते, टॅग म्हणायचे त्यांना, ठराविक काळाने भेटायचं, एखादी कृती शिकायची, वर्गात करून बघायची आणि पुढच्या भेटीत काय झालं ते सांगायचं. तज्ज्ञ असा कुणी नाही, गटातलाच एक जण समन्वयक. जिथे हे गट टिकले तिथे फरक दिसला, जिथे समन्वयकाची बदली झाली तिथे बहुतेक विस्कटले, हेही सांगितलं पाहिजे.

आता तुमचं नेमकं काय. महिन्यातून दोनदा, एक तासिका, पाचही जण एकत्र. बोलायचं ते वह्यांवर, दुसरं काही नाही. एका शिक्षकाने आपल्या वर्गाच्या सहा वह्या आणायच्या, दोन चांगल्या, दोन मधल्या, दोन कच्च्या, नावं झाकलेली, सगळ्यांनी तोच एक प्रश्न सोडवलेला. पहिली दहा मिनिटं फक्त एवढंच, की या मुलाला काय येतंय. चुका काढायला मनाई. हे फार अवघड जातं बरं का, आपला हात लाल पेनाकडेच जातो. मग एकच अडचण निवडायची, सहाच्या सहा नाही, एक. आणि उठायच्या आधी ठरवायचं की पुढच्या दोन आठवड्यांत त्यावर सगळे एकच कृती करणार. पुढच्या बैठकीत त्या कृतीनंतरच्या वह्या.

तुमच्या पत्राचंच घ्या. पत्र पाठ का करतात, तर ते पत्र कुणालाच पाठवायचं नसतं. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून ग्रामपंचायतीला पत्र, असा खरा विषय घ्या, आधी मराठीत बोलू द्या की सरपंच काय म्हणतील, आपण काय सांगणार, मग लागणारे आठ-दहा इंग्रजी शब्द फळ्यावर, मग एक पत्र सगळ्या वर्गाने मिळून फळ्यावर लिहायचं, वाक्य मुलं सांगणार आणि खडू तुमच्या हातात. आणि मग ते पुसून टाका, विषय बदला, वाचनालयात पुस्तकं कमी आहेत म्हणून मुख्याध्यापकांना पत्र, आता ज्याचं त्याने लिहायचं. पहिल्यांदा मोडकंतोडकं येईल. 'वी आर नॉट गेट बुक्स' असं येईल. येऊ द्या, ते त्याचं स्वतःचं आहे.

आणि वेळ मिळाला तर इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाबद्दल वाचा, १९७९ ते १९८४. दक्षिणेतल्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना नुसती कामं दिली, वेळापत्रक वाचा, नकाशा बघून रस्ता सांगा, आणि भाषा त्या कामातून येईल असं धरलं. सगळं पटेलच असं नाही, मलाही सगळं पटत नाही. पण संगमनेर डेपोचं एसटीचं वेळापत्रक घेऊन एक तास करून बघा.

रोखठोक_कोल्हापूर

सर लई भारी लिहिलंय पण जमिनीवर या की जरा. महिन्यातून दोन तासिका पाच जण एकत्र म्हणे. आमच्यात एक जण बीएलओ म्हणजे मतदार यादीच्या कामाला, एकाकडं यू-डायसचं म्हणजे शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं काम, एकाकडं शालेय पोषण आहाराचा हिशोब, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आठवीपर्यंत शिकवणारी आणि सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेली निम्मी मंडळी सक्तीच्या झालेल्या टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, पुस्तकं उघडून बसल्यात, पंधरा-वीस वर्षं शिकवून परत बालमानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करायल्यात. त्यांना तुम्ही म्हणणार वह्या घेऊन बसा.

आणि सर्टिफिकेटला नावं ठेवणं सोपं असतंय हो रिटायर झाल्यावर. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीसनं निवडश्रेणी, दोन्हीला प्रशिक्षण पूर्ण केल्याचा कागद लागतोय, तो नसला तर पगार अडकतोय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हणून लिहिलंय, ते तास मोजणार कसं, कागदावरच मोजणार. तुमच्या सहा वह्यांचं सर्टिफिकेट कोण देणाराय?

आता टोचून बोललो म्हणून उपाय पण सांगतो. ताई, हेडमास्तरांकडनं एकच गोष्ट मागून घ्या, वेळापत्रकात पाचही जणांची एक ऑफ तासिका एकाच वेळेला. जूनमध्ये वेळापत्रक बनवतानाच मागायची असते ही, मधेच मागितली तर कुणाला तरी हलवावं लागतंय आणि मग भांडणं. या वर्षी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास बघा. आणि बैठकीचं इतिवृत्त लिहा, तारीख विषय हजर सह्या, वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीनं फाईल तयार. ते ५० तासात धरतील का नाही ते वरचे बघतील पण आपल्याकडं पुरावा पाहिजे. ३० हजारातलं दोन हजार चहाबिस्किटाला राखून ठेवा, हे चेष्टेनं नाही सांगत, चहा असला की माणूस थांबतो.

न्यूजर्सीची_शाळामास्तरीण

मी मूळची सदाशिव पेठेतली, आता न्यू जर्सीत मिडल स्कूलला लँग्वेज आर्ट्स शिकवते, म्हणजे वाचन-लेखन-साहित्य सगळं एकत्र, इकडे ईएलए म्हणतात. कोल्हापूरच्या सरांचं वाचून हसू आलं कारण इथे पण तास मोजतात, आमच्या राज्यात वर्षाला किमान २० तास प्रोफेशनल डेव्हलपमेंटचे लागतात, आणि त्यातले बरेचसे कॅफेटेरियात बसून कुणा कन्सल्टंटच्या स्लाइड्स बघण्यात जातात. शाल-श्रीफळाच्या जागी डोनट असतात इतकाच फरक, त्यामुळे अमेरिकेत सगळं छान असतं असं कुणी समजू नका.

पण एक गोष्ट इथली खरंच घेण्यासारखी वाटते, नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट. १९७४ ला बर्कलीला जेम्स ग्रे यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं, मग देशभर पसरलं. त्यांचा मुद्दा असा होता की शिक्षकांना शिकवायला सर्वात योग्य माणूस म्हणजे दुसरा चांगला शिक्षक, आणि लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे. उन्हाळ्यात शिक्षक एकत्र येतात, प्रत्येक जण आपला वर्गात चाललेला एक तास बाकीच्यांवर करून दाखवतो आणि उरलेल्या वेळात सगळे स्वतःचं लिहितात आणि एकमेकांना वाचून दाखवतात.

हे ऐकायला साधं वाटतं पण करून बघा. ताई तुम्ही तुमच्या पाच जणांना सांगा की आपण मुलांना दिलेला 'नॅरेट ॲन एक्स्पीरियन्स'वाला प्रश्न स्वतः सोडवायचा, वीस मिनिटं, इंग्रजीवाल्यांनी इंग्रजीत, मराठीवाल्यांनी मराठीत, आणि मग वाचून दाखवायचा. पहिल्या पाच मिनिटांत सगळे पेन चावत बसतील बघा. सुरुवात कशी करू, हे आधी सांगू का ते, हे जे अडखळणं आहे ना त्याबद्दल आपण मुलांना कधी काही शिकवतच नाही, आपण फॉरमॅट देतो आणि मार्किंग स्कीम सांगतो. आपण स्वतः कुठे अडखळलो ते लिहून ठेवलं तर तोच पुढचा तास होतो.

अजून एक, सहकाऱ्याचा तास बघायला गेलात तर सगळं बघू नका, एकच बघा. मी कायम हे सुचवते, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचं. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांना वर्गांच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात, आणि तीन सेकंदापर्यंत थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं पण बोलतात. परक्या भाषेत तर पोराला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग उत्तर जुळवायचं असतं, त्याला एक सेकंद म्हणजे काहीच नाही. आणि यात कुणाचा अपमान पण होत नाही, नुसता आकडा असतो.

तासिका_पाचवी

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. शनिवारचं जमेल असं वाटतंय, इतिवृत्ताची कल्पना मुख्याध्यापकांना नक्की आवडणार, सही आणि शिक्का असला की त्यांना बरं वाटतं.

दोन शंका. एक म्हणजे मराठीचे सर म्हणतात हे सगळं तुमच्या इंग्रजीवाल्यांचं आहे, आमच्या पोरांना मराठी येतंच. आणि दुसरं म्हणजे पैशाचं काय, ३० हजार चहाला तर नाही ना संपवता येत.

वहीतलं_मराठी

'आमच्या पोरांना मराठी येतंच' हे वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय. मी कुमारभारती, म्हणजे नववी-दहावीचं मराठी शिकवतो. त्या सरांना म्हणावं, उताऱ्यात थेट न लिहिलेली गोष्ट विचारा, लेखकाला इथे राग आलाय का, कशावरून, आणि बघा किती मुलं सांगतात. तिथेही शब्द शोधून वाक्य उचलणंच चालतं, तुमच्या अनसीन पॅसेजसारखंच. मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमताला मार्क असतात आणि मुलं स्वमतसुद्धा गाइडमधून पाठ करतात, दुसऱ्याचं मत स्वमत म्हणून, यावर काय बोलणार.

वाचून समजून घेणं ही एकच गोष्ट आहे आणि ती एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत वापरता येते, भाषाशिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हे मांडलंय आणि वर्गात बघितलं तर पटतं. आपल्याकडे वाड्याला, म्हणजे पालघर जिल्ह्यात, आणि कर्नाटकात यादगीरला लिरिल नावाचा मोठा अभ्यास झालाय, मराठी आणि कन्नडमध्ये मुलं वाचायला कशी शिकतात यावर काही वर्षं तीच मुलं बघत. तिथे दिसणारं चित्र आपल्या ओळखीचं आहे, वर्गात अक्षरं आणि बाराखडीवर भरपूर वेळ, आणि जे वाचलं त्यावर बोलणं फार कमी. ती मुलं पुढे आपल्याकडे आठवीत येतात. त्यामुळे तुमच्या त्या सरांशिवाय इंग्रजीचं गाडं फार पुढे जाणार नाही हे त्यांना प्रेमाने सांगा, म्हणजे ते येतील, मान दिला की आम्ही मराठीवाले येतो 🙂

करायला सोपं असं सांगू का, प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट आहे, २०१५ पासून, फुकट. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळते. मराठीच्या तासाला ती मराठीत वाचायची आणि भरपूर बोलायचं, पुढे काय होईल, ती असं का वागली, आणि त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतली. मुलांना अर्थ माहीत असतो त्यामुळे डोकं भाषेला मोकळं राहतं. गोष्टी लहान मुलांच्या आहेत म्हणून आठवीची पोरं नाक मुरडतील, त्यांना सांगा की तुम्हाला पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवायचीय, मग करतात तयारी.

झेडपी_गुरुजी_नवीन

पैशाचं मी सांगतो, मी हे सगळं स्वतःसाठी शोधून बसलोय.

सेल्टा विसरा. एक तर लाखाच्या वर जातं आणि १२० तासांचा कोर्स आहे, त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे सहा तास परीक्षकासमोर, कोर्स दर्जेदार आहे यात वाद नाही पण तो मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्यासाठी बनवलाय, पंधरा जणांचा वर्ग धरून. तुमच्याकडे साठ पोरं.

टीकेटी म्हणून केंब्रिजचीच परीक्षा आहे, तिच्यात नापास होत नाही, एक ते चार असा बँड मिळतो. मुख्य तीन मॉड्यूल आहेत, एकेकात ८० प्रश्न, ८० मिनिटं, सगळे पर्यायी. अभ्यास करताना परिभाषा पक्की होते, पण वर्गात कुणी तुम्हाला बघत नाही.

मला सगळ्यात पटलं ते हैदराबादच्या इफ्लू या विद्यापीठाचं पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र कोर्स, दूरस्थ पद्धतीने. ही संस्था १९५८ सालची, आधी सीआयई, मग सीआयईएफएल आणि २००७ पासून इफ्लू, इंग्रजी कसं शिकवायचं यावर देशात तिथे जेवढं काम झालंय तेवढं क्वचितच कुठे. तुमच्या दोन इंग्रजी शिक्षकांपैकी एकाची फी संस्थेने भरली आणि त्याने शिकलेलं शनिवारी बाकीच्यांना दाखवायचं ठरवलं तर पैसे वसूल. सध्याची फी आणि प्रवेशाची तारीख त्यांच्या साइटवर बघा, मार्चच्या आत पावती मिळेल का ते आधी फोन करून विचारा नाहीतर ऑडिटला अडकाल.

एल्टाय म्हणून इंग्रजी शिक्षकांची देशभरातली संघटना आहे, १९६९ पासूनची, मुख्यालय चेन्नईला, त्यांची वार्षिक परिषद असते. एकाला पाठवा, पण ऐकायला नको, काहीतरी मांडायला, तुमच्या सहा वह्यांचंच मांडा. बाकी ब्रिटिश कौन्सिलच्या टीचिंग इंग्लिश साइटवर भरपूर फुकट आहे, त्यावर पैसे घालवू नका.

उरलेल्यात पुस्तकं घ्या, शिक्षकांसाठी नाही, वर्गासाठी. वीस-तीस पातळ पातळ इंग्रजी पुस्तकं आणि तेवढीच मराठी, वर्गातच दोरीवर लटकवायची, कपाटात कुलूप लावून ठेवायची नाहीत. 'हे प्रशिक्षण नाही' असं क्लार्क म्हणेल, तर बिलावर 'प्रशिक्षण साहित्य' असं लिहून घ्या 😅

रोखठोक_कोल्हापूर

बिलाचं शेवटचं वाक्य वाचलं, हा पोरगा पुढं जाणार 😂

ताई एक राहिलंच, त्या न्यू जर्सीच्या मॅडम म्हणाल्या तास बघा वगैरे, आमच्याकडं वर्गात दुसरा माणूस मागं बसला की मास्तर पण बदलतो आणि पोरं पण. एकदम सगळे शहाणे. त्यापेक्षा मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर ऐकलं तर?

निवृत्त_अधिव्याख्याता

कोल्हापूरकर, मुद्दा बरोबर आहे. फक्त व्हिडिओ नको, मुलांचे चेहरे येतात, पालकांच्या लेखी परवानगीचा प्रश्न येतो आणि क्लिप कुठल्या ग्रुपवर जाईल सांगता येत नाही. मोबाइल टेबलावर ठेवायचा, फक्त आवाज, आणि तोही ज्याचा तास त्यानेच घरी ऐकायचा. बैठकीत फक्त आकडा आणायचा, किती प्रश्न विचारले, किती वेळा थांबलो, उत्तर किती वेळा मीच दिलं. मग फाइल डिलीट. मुख्याध्यापकांना याची आधी कल्पना द्या आणि इतिवृत्तात तशी एक ओळ टाका.

तासिका_पाचवी

आवाजाचं चालेल. शनिवारी पहिली बैठक ठेवलीय, वह्या नववी ब च्या, माझ्याच. मराठीचे सर येतो म्हणालेत पण फक्त ऐकायला. मुख्याध्यापक सर म्हणाले बैठकीचा एक फोटो काढा, तेवढं मान्य केलंय. झेडपी गुरुजी, इफ्लूला फोन लावला पण उचलला नाही कुणी, पुन्हा सोमवारी करते. कुणाकडे आधीच्या वर्षी तिथे प्रवेश घेतलेल्या माध्यमिकच्या शिक्षकाचा अनुभव असेल तर इथे लिहा, कॉन्टॅक्ट क्लासला, म्हणजे प्रत्यक्ष हजर राहायच्या वर्गांना, रजा कुठली टाकली एवढं तरी कळू दे.